सतरा नंबरची वही

सैन्यात माणसाचं नाव घरच्या पत्रावर लिहिण्यापुरतं असतं. एरवी हाक मारायला हुद्दा पुरतो, आणि टेलिफोनवर तर तोही चालत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक चौकी होती, तिचं टेलिफोनवरचं नाव पारवा. माथ्यावर दुसरी होती, तिचं नाव कासव. वर चढून बसलेल्याला कासव म्हणायचं आणि खाली बसलेल्याला पारवा, हे कुठल्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे! पण त्यामुळे खालच्या चौकीत टेलिफोनवर बसणारा शिपाई पारवा झाला, आणि झाला तो झालाच. चौकीचा आचारीसुद्धा त्याला पारवाच म्हणायचा. स्वारी खुशीत असली की मात्र 'लेखकराव'.

लेखकराव म्हणायचं कारण हे, की पारव्याला लिहायचा नाद होता. नाद म्हणजे नाद. गस्तीवर चालता चालता दोन वाक्यं जुळवायची आणि चौकीत येईपर्यंत पुटपुटत सांभाळायची. मध्येच कुणी पाणी मागितलं की त्यातलं एक हमखास सांडायचं. मग टेलिफोनच्या खोलीत, दोन निरोपांच्या मधे, उरलेलं कागदावर उतरवायचं. दिवसाला दहा ओळी झाल्या तर गंगेत घोडं न्हालं. सोबतच्या मंडळींना याचं नवल वाटायचं. "अरे, रजेचा अर्ज लिहायला आम्हाला घाम फुटतो आणि हा हौसेनं लिहितो," असं म्हणून ते आपलं पत्र त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे.

लिहीत होता तो आपल्या मावशीबद्दल. आई लहानपणीच गेली, तेव्हा मावशीनं त्याला वाढवलं. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सत्तावीस वर्षं तिनं चादरी धुतल्या. कोण बरं होऊन घरी गेलं आणि कोण नाही, हे तिला चादरीवरून कळायचं. बरा झालेला माणूस चादर चुरगळून टाकून जातो, म्हणायची. तोंडाची फटकळ, पण माया अशी की विचारू नका. लहानपणी पारवा रडायला लागला की ती म्हणायची, "रडायचंय? मग भांडी घासता घासता रड. निदान काम तरी होईल." आणि खरंच त्याच्या हातात काथ्या द्यायची.

प्रत्येक रजेत तो तिच्यासमोर वही घेऊन बसायचा आणि ती सांगायची. तिच्याच शब्दांत, तिच्याच शिव्यांसकट, त्यानं दोन वर्षांत वही भरत आणली होती. शेवटची आठदहा पानं तेवढी कोरी राहिली होती, आणि ती का राहिली ते सांगायलाच हवं. गेल्या हिवाळ्यात मावशी आजारी पडली. "ये" एवढाच निरोप आला. रजा मंजूर झाली, पिशवी भरून झाली, आणि त्याच दिवशी बर्फानं रस्ता बंद झाला. रस्ता उघडला नवव्या दिवशी. पहिल्या गाडीतून टपाल आलं, त्यात शेजारणीचं पत्र होतं. सगळं आटपलं होतं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "वाईट झालं." पारवा म्हणाला, "होय साहेब," आणि टेलिफोनवर जाऊन बसला. तो रडला नाही. रडू आलंच नाही, त्याला तो तरी काय करणार? पण तेव्हापासून ती वही म्हणजे नुसती वही राहिली नव्हती. मावशीचा आवाज जगात कुठे उरला असेल तर तेवढ्या पानांत.

आता टेलिफोनच्या चाचणीबद्दल. दोन चौक्यांमधली तार रोज तपासायची असा नियम होता. सकाळच्या हजेरीनंतर दहा मिनिटं आणि दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं खालच्यानं बोलायचं, वरच्यानं शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, मग सगळं परत वाचून दाखवायचं आणि चुका मोजायच्या. शंभरातले किती शब्द नीट ऐकू आले ते नोंदवहीत मांडायचं. बोलायला एक छापील मजकूर होता: दोरखंड दोन, कंदील पाच, पाण्याची पिंपं तीन. वर्षानुवर्षं तोच. वरच्या माणसाला तो इतका पाठ झाला, की एकदा तीन दिवस तार धड चालत नव्हती तरी नोंदवहीत शंभरापैकी शंभर! ऐकतोय कोण? जो तो आपला पाठांतर उतरवतोय. कॅप्टनसाहेबांनी दोन्ही चौक्यांना फैलावर घेतलं आणि हुकूम काढला: यापुढे रोज नवा मजकूर, ऐकणाऱ्याला अंदाज लावता येणार नाही असा.

पारव्याला तर आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. त्यानं वही उघडली आणि पहिल्या पानापासून मावशी वाचायला घेतली.

वरच्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आवाज घोगरा, मध्ये मध्ये खोकला, वयानं मोठा असावा. पहिल्या दिवशी तो गुरगुरला, "हे काय, चादरीबिदरी?"

"गोष्ट आहे. मीच रचलीय," पारव्यानं ठोकून दिलं. सरकारी तारेवर घरचं बोलायला बंदी होती ना!

"पिंपं बरी होती," कासव म्हणाला. "लवकर संपायची."

पण आठवडा उलटला आणि कासव तुम्हीवरून तूवर आला. दुसऱ्या महिन्यात चाचणीची वेळ व्हायच्या आधीच त्याची घंटी यायला लागली. "काय रे, त्या धुलाईखान्याच्या मुकादमाला तिनं बादली मारली की नाही?" वर त्याच्याखेरीज नऊ माणसं होती, करमणुकीच्या नावानं शंख. कासव दिवसाचे कागद संध्याकाळी जेवताना वाचून दाखवायचा, आणि मग त्यावर नऊ जणांत वाद व्हायचे. मावशीनं मुकादमाला बादली मारली त्या दिवशी तर सगळे टेलिफोनभोवतीच जमले असावेत, वरून चक्क टाळ्या ऐकू आल्या. पारवा इकडे रिसीव्हर धरून एकटाच हसत बसला होता.

अशी पाच महिने गोष्ट चालली. मावशी आजारी पडते तिथपर्यंत आली आणि थांबली. पुढची पानं कोरी. पारव्यानं मग नकाशावरच्या सूचना वाचल्या, बूट पुसण्याचे नियम वाचले, जुनी वर्तमानपत्रं वाचली.

"ती बाई कुठे गेली?" कासवानं विचारलं.

"लिहितोय."

"मग लिही की लवकर! इथं माणसं माझा जीव खातायत."

तीन आठवडे तो रोज "लिहितोय" म्हणत होता. लिहीत नव्हता. पेन उचलायचा आणि त्याला तो बंद रस्ता दिसायचा. पुढं काय लिहिणार? मी पोचलो नाही, एवढंच? ते लिहायला हात धजत नव्हता.

आता ती वही राहायची कुठे, ते ऐका. टेलिफोनच्या खोलीतल्या फळीवर, सरकारी नोंदवह्यांच्या रांगेत. पेटीत ओल लागायची, म्हणून. दिसायलाही ती त्यांच्यासारखीच, करड्या कापडी पुठ्ठ्याची; भांडारातून मिळते तीच. एकदा तपासणीला वरच्या हुद्द्याचे एक साहेब आले. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि बोट या वहीवर थांबलं. "हिच्यावर नंबर कुठाय?" सैन्यात नंबर नसलेली वस्तू म्हणजे बेवारस, ती उचलून नेतात. पारवा घाबरला. साहेबांची पाठ वळताच त्यानं पांढरा रंग घेतला, रांगेत सतरा नंबर रिकामाच होता तो पुठ्ठ्यावर ठळक काढला, आणि यादीतही लिहिलं: सतरा, वही, एक. दुसऱ्या तपासणीत साहेबांनी सतरा म्हटलं, त्यानं सतरा म्हटलं, आणि वही बचावली. आपल्या हुशारीवर तो भारी खूश झाला होता.

मग एका मंगळवारी हुकूम आला: जुन्या सांकेतिक नोंदवह्या, क्रमांक बारा ते वीस, जाळून नष्ट कराव्यात. हुकूम काढणाऱ्यानं पारव्याचीच यादी समोर ठेवून काढला होता. जाळण्याची यादी पारव्यानंच टाइप केली. चौकीच्या मागे पत्र्याच्या पिंपात जाळ केला. कॅप्टनसाहेब यादी घेऊन उभे, साक्षीदार म्हणून आचारी सळई घेऊन उभा, आणि पारवा एकेक वही उचलून नंबर पुकारत आत टाकतोय. पंधरा. पंधरा, साहेब म्हणायचे आणि खूण करायचे. सोळा. सोळा. सतरा. सतरा. एकदा नंबर पुकारला की शिपाई वस्तूकडे बघत नाही, नंबराकडे बघतो. दहा वर्षांची सवय. वीसपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. तिघांनी सह्या केल्या. आचाऱ्यानं सळईनं राख ढवळली, तोही नियमच, एक अक्षर शिल्लक राहता कामा नये.

दुपारी जेवून तो टेलिफोनवर आला. आज काही झालं तरी शेवट लिहायला घ्यायचाच, असं त्यानं सकाळपासून मनाशी ठरवलं होतं. त्यानं न बघता फळीवर हात नेला.

फळीवर अकरा होता आणि त्याच्या शेजारी एकवीस.

घंटी वाजत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं रिसीव्हर उचलला.

"बोल," कासव म्हणाला. "झोपलास काय?"

"जळली," पारवा म्हणाला.

"कोण जळली?"

"वही. मीच जाळली. माझ्या हातानं." मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "तुमच्याकडे चाचणीचे कागद असतील! तुम्ही सगळं उतरवलंय ना!"

तिकडे खोकला आला. "दर महिनाअखेर जाळतो, बाबा," कासव सावकाश म्हणाला. "सही करून. नियम आहे ना तसा."

पारव्यानं रिसीव्हर खाली ठेवला. चाचणीची नोंद त्या दिवशी कोरी राहिली. आचारी चहा घेऊन आला तर हा भिंतीकडे बघत बसलेला. आचाऱ्यानं फळी बघितली, हिशोब केला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! आणि मी मेला सळईनं ढवळत होतो!" तो तिथेच बाकावर टेकला. चहा दोघांचाही गार झाला. पारवा एवढंच म्हणाला, "मी तिला दोनदा घालवली." आचाऱ्याला मावशीचं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर घंटी आली ती नेहमीपेक्षा लांबलचक.

"नियमांची पुस्तिका काढ," कासव म्हणाला. "चाचणीचा अकरावा नियम वाच."

पारव्यानं वाचला. तार दोन्ही दिशांनी तपासावी. वरच्या चौकीनं बोलावं आणि खालच्यानं उतरवावं. कुणी कधी पाळला नव्हता.

"आजपासून पाळायचा," कासव म्हणाला. "पेन आहे का हातात? घे. 'माझ्या मावशीला इस्पितळातले डॉक्टर घाबरायचे नाहीत, पण धोबी आणि भुतं दोन्ही घाबरायची.'"

पारवा थिजला. ते पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य होतं.

"तुम्हाला पाठ आहे?"

"आधी ऐकायचं, मग लिहायचं, मग तुला परत वाचून दाखवायचं, मग संध्याकाळी या नऊ गाढवांना. चारदा झाल्यावर दगडालाही पाठ होईल. आणि मला एकट्याला नाही हां. इथं सगळे बसलेत." मागून खरंच गलका ऐकू आला. कुणी तरी ओरडत होतं, "आधी चादरी मोजते, मग धोबी येतो! नीट सांगा हो!"

तर अशी परतीची चाचणी सुरू झाली. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. वरून मावशी यायची आणि पारवा खाली तिला उतरवून घ्यायचा. नवी वही आचाऱ्यानं भांडारातून आणून दिली, आणि तिच्यावर कुणी नंबर टाकायचा नाही म्हणून स्वतःच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली. जसंच्या तसं सगळं नव्हतंच. काही प्रसंग पुढेमागे झाले होते, मुकादमाला मारलेली बादली रिकामी होती ती माथ्यावर भरलेली झाली होती. नऊ जणांनी तेवढं केलंच असणार. पारवा सुरुवातीला चुका सुधारायचा. एकदा कासवानं सांगितलं, "'मावशी म्हणाली, दार लावू नकोस, आत आलेलं ऊन पाहुणं असतं.'"

"हे नाही. असं ती कधीच म्हणाली नाही."

"म्हणाली की."

"नाही म्हणाली. मला माहितीये."

मग कासव ओशाळून म्हणाला, "मग माझी आई म्हणाली असेल. खोडून टाक."

पारव्यानं पेन टेकवलं, आणि खोडलं नाही. मावशीला हे वाक्य आवडलं असतं, असं त्याला वाटलं. "राहू दे," तो म्हणाला.

पावणेपाच महिने लागले. कुठे ओळ गळाली, कुठे शिवी वाढली, पण मावशी पुन्हा उभी राहिली. बोलायला लागली, मुकादमाशी भांडायला लागली. पारवा आता गस्तीवरून परतताना पाय उचलून यायचा. मग एके दिवशी दुपारी ती आजारी पडली. कासव थांबला.

"एवढंच तुझं," तो म्हणाला. "पुढचं तू दिलंच नाहीस."

"नाही दिलं."

"पण इथं ते तीन आठवडे ही माणसं मला जेवू देत नव्हती. बाईचं काय झालं, बाईचं काय झालं! मग मी आपलं ठोकून दिलं काहीतरी, आपल्याच रस्त्यावरचा बर्फ घालून. मी काही तुझ्यासारखा लिहिणारा नाही. तुला नको असेल तर नको."

आचारी दारात पातेली पुसत उभा होता. त्याचे हात थांबले.

"सांगा," पारवा म्हणाला.

कासवानं घसा साफ केला. तो सावकाश, शब्द तोडून सांगायला लागला, चाचणीत सांगतात तसं.

"'रस्त्यावर बर्फ होता. पण पोरगा निघाला. गाडी अडकली तिथून तो चालत गेला. दोन दिवस चालला. सकाळी घरी पोचला तर दार उघडंच होतं. मावशी खाटेवर पडली होती. ती खूप बारीक झाली होती. तिनं डोळे उघडले आणि त्याच्या पायांकडे बघितलं. म्हणाली, बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय.'" कासव जरा थांबला. "'त्यानं बूट काढले. तो तिच्याजवळ बसला. ती म्हणाली, आलास ना, बरं झालं. मग तिनं चादर पायानं चुरगळली आणि खाली ढकलून दिली.' झालं. एवढंच. बरी झाली ना ती, म्हणून चादर चुरगळली. हे सगळ्यांना कळलं इथं. वाच परत."

पारव्यानं कागदाकडे बघितलं. अक्षर त्याचंच होतं. नियमाप्रमाणे परत वाचायचं होतं. त्यानं वाचायला सुरुवात केली. "रस्त्यावर बर्फ होता. पण पोरगा निघाला." बुटांपर्यंत तो नीट आला. "त्यानं बूट काढले. तो तिच्या..."

"हॅलो," कासव म्हणाला. "आवाज तुटतोय तुझा. तार खराब आहे का?"

"नाही. तार ठीक आहे."

"मग वाच की पुढं."

"तो तिच्याजवळ बसला," पारव्यानं वाचलं. "ती म्हणाली, आलास ना, बरं झालं." आणि मग शेवटपर्यंत वाचलं.

"चुका?" कासवानं विचारलं.

"एकही नाही."

"शंभर मांड मग. आणि ऐक, चांगली रचलीस हो गोष्ट. त्या मावशीसारखं माणूस कुठे असतं का खरं!"

"असतं," पारवा म्हणाला.

त्यानं रिसीव्हर ठेवला आणि नोंदवहीत शंभर मांडले. मग उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बाह्या वर केल्या. दुपारची भांडी ढिगानं पडली होती. त्यानं काथ्या घेतला, एक पातेलं पुढ्यात ओढलं आणि घासायला लागला. त्याची पाळी नव्हती, तरी आचाऱ्यानं त्याला अडवलं नाही. आत कुणी येऊ नये म्हणून त्यानं दार लोटून घेतलं, आणि एक पातेलं घासून झालं की दुसरं तो स्वतःच पारव्याकडे सरकवत राहिला.